तांदूळ बघणारीची मुलगी

त्या मंगळवारी आपण जे बोललो ते आपल्याला बोलायचंच नव्हतं, असं युए-लानने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण ते खोटं होतं. ते वाक्य तीस वर्षं तिच्या पोटात पडून होतं. संधी मिळाली आणि ते बाहेर आलं, तेही भरल्या दालनात आणि चांगल्या खणखणीत आवाजात.

हाईवेई गावच्या आरोग्य केंद्रात मंगळवारी सकाळी लहान मुलांना लस देतात. डिसेंबरात समुद्रावरून वारा असा सुटतो की बायका पोरांना गाठोड्यासारखं बांधून आणतात आणि आत आल्यावर अर्धा तास सोडत बसतात. युए-लान तिथली मोठी नर्स. वय अठ्ठेचाळीस, उंच, कामाला वीज. डॉक्टर शेन मुलाला तपासायचे आणि टोचायचं काम हिचं. शेन तैपेईहून आलेले, तिशीचे, स्वभावाने बरे. पण गावची बोली त्यांना येत नव्हती. म्हातारी माणसं काय म्हणतात ते त्यांना त्यांच्या भाषेत करून सांगायचं, हे कामही हिच्याकडेच होतं.

त्साय आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पिन-रुई नुकताच वर्षाचा झालेला, गोबऱ्या गालांचा, गोवराच्या पहिल्या सुईसाठी. आईबाप ताइचुंगला कारखान्यात, महिन्यातून दोनदा यायचे, मूल आजीकडे.

"मागच्या सुईनंतर काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं. युए-लानने ते आजींना विचारलं.

"झाला तर!" आजी म्हणाल्या. "दुसऱ्याच दिवशी ताप, एकोणचाळीस अंश. झोपेत दचकायचं, हात असे वर फेकायचं. जीवच उडाला होता पोराचा. मग नेलं, जीव परत बोलावून घेतला. तांदूळ बघितले, अंगावरून फिरवले. दोन दिवसांत लागला खेळायला."

"काय म्हणतायत?" डॉक्टर म्हणाले.

'ताप आला होता, दोन दिवसांत उतरला,' एवढं सांगून भागलं असतं. पण 'तांदूळ' हा शब्द डॉक्टरांना कळला असावा, कारण त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं होतं. त्या हसण्यात आपण त्यांच्या बाजूला उभं दिसावं, असं युए-लानला वाटलं. बस, एवढंच कारण.

"ताप आला म्हणून एका भोंदू बाईकडे गेल्या होत्या," ती डॉक्टरांना म्हणाली. तिथे तरी थांबायचं. ती आजींकडे वळली आणि त्यांच्या बोलीत, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो आजी, अजून असल्या बायकांच्या नादी लागता? तांदूळ हलवून ताप उतरतो होय? अक्षरशत्रू बाया, लोकांच्या पोरांच्या जिवाशी खेळतात नुसत्या. एकेकीला पोलिसांत द्यायला पाहिजे!"

दालनात बारा-तेरा बायका होत्या. कोणी मुलाच्या मोज्याची गाठ सोडायला लागली, कोणी हातातला नंबर वाचायला लागली, जसा काही तो मघाशी वाचलाच नव्हता. आजींच्या चेहऱ्यावर राग नव्हता. समोरच्या बाईचा कपडा मागून उसवलाय आणि तिला सांगावं कसं हे कळत नाही, तेव्हा माणूस जसा बघतो तशा त्या बघत होत्या.

"आज राहू दे, सिस्टर," त्या नातवाला पुन्हा बांधत म्हणाल्या. "ह्याला शिंका येतायत. पुढच्या वेळी आणते."

पोराला एकही शिंक आली नव्हती.

ती तांदूळ बघणारी बाई म्हणजे युए-लानची आई होती. बंदरामागच्या गल्लीतली किम-हुए मावशी. दालनातल्या झाडून सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डॉक्टरांना आणि शहरातून येणाऱ्या दोन पोरसवदा नर्सना. आणि त्यांना ते कळू नये म्हणून अख्खं गाव तीन वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलं होतं, कोणी न सांगता.

उरलेल्या नऊ मुलांना तिने लस दिली. हात नेहमीसारखे चालले. कान मात्र तापलेले होते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते थंड झाले नाहीत.

किम-हुए मावशीचं काम असं: दचकलेलं, रडकं, तापलेलं मूल आणायचं. ती पेल्यात काठोकाठ तांदूळ भरायची, तो मुलाच्या सदऱ्यात घट्ट गुंडाळायची आणि देवापुढे उदबत्ती लावून मुलाच्या डोक्यावरून, छातीवरून, पाठीवरून फिरवायची. तोंडाने नाव घ्यायची, घरी ये म्हणायची. मग सदरा उघडून बघायचं. तांदळात कुठे खळगा पडलाय, कुठे दाणे उभे राहिलेत, त्यावरून ती सांगे: ह्याला कुत्र्याने भिववलंय, ही पाण्याला भ्यायली. उरलेल्या वेळात ती इतर बायकांसारखी कालवं सोलायची. नवरा लवकर गेला होता, आणि ह्या दोन कामांवर तिने मुलीला नर्सिंगच्या शाळेपर्यंत पोचवलं.

शाळेत पोरं युए-लानच्या मागून तांदळाची मूठ हलवल्यासारखं करत चालायची. ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. नर्सिंगच्या वसतिगृहात आईचं काम विचारलं तेव्हा तिने 'कालवं सोलते' सांगितलं. ते खरंही होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही. लग्न शहरात झालं. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन ती नेमकी ह्याच केंद्रात आली, तेव्हा आईनेच आधी सांगून टाकलं: "तिथे मला ओळख दाखवू नकोस हो आ-लान. उगाच तुला लोकांत कसंतरी होईल."

आणि युए-लानने ते मानलं. आई रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला यायची तेव्हा रांगेत उभी राहून नंबर घ्यायची, पाळी आली की "सिस्टर, माझं कार्ड" म्हणायची. युए-लान कार्ड घ्यायची, पट्टा बांधायची, आकडा लिहायची. "मीठ कमी करा," म्हणायची. आईला अहो-जाहो करायची, हो. तीन वर्षं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जिल्ह्याहून फोन आला. शेजारच्या शहरात गोवराचे दोन रोगी सापडले होते, परदेशातून आलेलं एक कुटुंब. तीन आठवड्यांवर चांद्र नवं वर्ष. मग सगळा देश पेट्या उचलून आपापल्या गावी येणार, गाड्या भरणार, बाजार भरणार. ज्यांची सुई राहिली आहे अशी मुलं शोधून लगेच टोचा, असा हुकूम होता. सुई अंगी लागायलाही दोन आठवडे जातात.

हाईवेईच्या यादीत चार नावं निघाली. तीन मुलं दोन दिवसांत येऊन गेली. चौथं नाव पिन-रुईचं होतं.

युए-लानने फोन केला. कोणी उचलला नाही. ताइचुंगला बापाला केला, तर तो यंत्रांच्या गडगडाटातून ओरडला, "आई म्हणेल तसं, सिस्टर! पोर ती सांभाळते, मी कोण सांगणार?" मग ती स्कूटर काढून त्साय आजींच्या दारात गेली. आजी अंगणात पत्र्याखाली कालवं सोलत बसल्या होत्या. त्यांनी लगेच उठून हात धुतले, चहा ओतला, स्टूल पुसून दिलं, सोललेल्या कालवांची पिशवी बांधून तिच्या हँडलला अडकवली. सगळं यथासांग झालं. पोराला कधी आणताय असं विचारल्यावर म्हणाल्या, "सर्दी आहे हो त्याला."

पोर तिथेच शिंपल्यांच्या ढिगाशी बसून दोन शिंपले एकमेकांवर आपटत होतं. नाक कोरडं ठाक.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर सर्दीचंच कारण होतं. तिसऱ्या दिवशी मात्र ती चहाला हात न लावता म्हणाली, "आजी, गोवर साधा नाही. कान जातात, फुप्फुसं धरतात, पोरं दगावतात. माझ्यावर राग असेल तर मला चार शिव्या घाला. पोरावर का काढताय?"

आजींनी सुरी खाली ठेवली.

"राग कसला? तू तुझ्या आईला काहीही म्हण, तुमच्या घरातलं आहे ते. पण मला एक समजावून सांग. जूनमध्ये तू ह्याला सुई दिलीस. दहा सेकंद लागले. 'पुढचा नंबर' म्हणालीस. ताप येईल म्हणून सांगितलंस मला?"

युए-लानला आठवेना. त्या दिवशी चाळीस मुलं होती. कागद दिला असणार, कागद देतातच.

"कागद दिलास," आजी म्हणाल्या. "मला वाचता येतं होय? दुसऱ्या दिवशी होड्यांच्या सणाची सुट्टी. तुमच्याकडे कुलूप. पोर भाजतंय, आणि घरात मी एकटी. वाटलं, ह्या सुईनेच मारलं माझ्या नातवाला. तुझ्या आईकडे धावत गेले. तिने दार उघडलं. तांदूळ फिरवले ते फिरवलेच, पण आधी त्याचे कपडे काढले, ओल्या फडक्याने पुसलं, चमच्या-चमच्याने पाणी पाजलं. तीन तास बसली. आणि मला काय म्हणाली? म्हणाली, घाबरू नकोस, सुईचा ताप आहे, अंग शिकतंय. उद्यापर्यंत हटला नाही तर मोठ्या दवाखान्यात ने. आणि पुढची सुई चुकवायची नाही, चुकवलीस तर माझ्या दारात यायचं नाही."

वाऱ्याने पत्रा खडखडला. पोराने शिंपला तोंडात घातला, आजींनी तो न बघता काढून घेतला.

"तिच्या शब्दावर मी आले होते त्या मंगळवारी," आजी म्हणाल्या. "तुझ्या सुईवर माझा विश्वास नव्हताच कधी. तिच्यावर होता. आणि तूच चारचौघांत सांगितलंस, ती अडाणी, तिच्या नादी लागू नका. बरं, नाही लागत. मग आता सुई चांगली आहे, हे मला कोणी सांगितलं म्हणून धरून चालू?"

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत शिबिरांत, सभांत युए-लानने पालकांच्या गैरसमजांवर कितीतरी उत्तरं पाठ केली होती. ह्यावरचं एकही त्यात नव्हतं. स्कूटर चालू करताना तिला आपल्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

ती सरळ आईकडे गेली. त्या मंगळवारनंतर ती तिथे फिरकली नव्हती. आई स्वयंपाकघरात मुळ्याचे काप करत होती. वर न बघता म्हणाली, "ये. जेवलीस?"

"आई, त्या दिवशी मी..."

"कळलं मला. दुपारपर्यंत आठ जणी सांगून गेल्या. कोणीतरी मासेही आणून दिले, जसं काही माझ्या घरात कोणी वारलंय." आई हसली. मुळ्याचा काप तोंडात टाकला. "बरोबर बोललीस तू. डॉक्टर समोर होते. शिकलेल्या माणसासमोर असंच बोलावं लागतं."

आईने शिव्या दिल्या असत्या तर युए-लान रडून मोकळी झाली असती. हे तिला पेलवेना. ती कशीबशी म्हणाली, "त्साय आजी पोराला आणत नाहीयेत. गोवर आलाय. तुझं ऐकतील त्या. तू सांग ना."

आई काही बोलणार तोच बाहेरून हाक आली, "मावशी, आहात का?" आणि युए-लानचं शरीर तिच्या आधी हललं. ती उठून आतल्या दाराआड गेली. लहानपणी आईकडे कोणी आलं की ती अशीच तिथे जाऊन उभी राहायची, त्याच फळीला पाठ लावून. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, सरकारी गणवेशात, आणि आपण लपलोय हे तिला लपल्यावर कळलं. आता बाहेर जाणं त्याहून वाईट दिसलं असतं.

बाहेर एक तरुण बाई होती, तान्ही मुलगी घेऊन. मूल झोपत नाही, दचकतं, वगैरे. तांदूळ ओतल्याचा आवाज आला, उदबत्तीचा वास आला. मुलीचं नाव घेत आई गुणगुणत राहिली. मग सदरा उघडल्यावर म्हणाली, "काही नाही, फटाक्यांना भ्यायलीय. देवळात नेऊ नकोस चार दिवस. बरं, सुयांचं पिवळं कार्ड आणलंस?"

"आणलंय ना. तुम्ही त्याशिवाय हातच लावत नाही म्हणे."

"दाखव. हा चौकोन मोकळा का गं? ह्याच्या वर शिक्का आहे, खाली शिक्का आहे, मध्ये हा मोकळा."

"मागच्या महिन्यात राहिलं, मावशी. ताप येतो म्हणून सासू नको म्हणते."

"सासूला सांग, मोकळ्या चौकोनातूनच जीव पळतो. मंगळवारी जा. सकाळी लवकर. पोरीला आधी दूध पाज, सुई देताना छातीशी घट्ट धर, पाय धर. आणि त्या उंच सिस्टरकडूनच घे. तिचा हात हलका आहे. पोराला कळत पण नाही."

"त्या?" तरुण बाईचा आवाज खाली आला. "मावशी, त्या तर तुम्हाला पोलिसांत..."

"मग? सुई हाताने देते ना ती? तोंडाने नाही देत." दोघी हसल्या. "ताप येईल कदाचित एक दिवस. पाजत राहा. जास्त चढला, पोरगी मलूल झाली, दूध घेईना झाली, तर माझ्याकडे नाही यायचं. सरळ डॉक्टर. कळलं?"

दाराआड युए-लानने डोळे मिटून घेतले. दोन वर्षांपूर्वी जिल्ह्याने हाईवेईला गौरवाची पाटी दिली होती, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांच्या सुया वेळेवर. ती पाटी घ्यायला मंचावर ही गेली होती, नवा कोट शिवून. आपण पाठवलेल्या आठवणीच्या पत्रांमुळे हे झालं, असं भाषणही ठोकलं होतं. गावातल्या बायका पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि कोणीही हसलं नव्हतं.

ती बाई गेल्यावर आई आत आली. मुलगी कुठे उभी आहे ते तिने पाहिलं आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली, चुलीकडे.

"हे सगळं तुला कोणी शिकवलं?" युए-लानने विचारलं.

"कोण शिकवणार? ह्याच टेबलाशी बसून घोकायचीस की तू, परीक्षा आल्या की. ताप किती, पाणी किती, कोणती सुई कधी. मी इथे कालवं सोलत असायची. बहिरी होते का मी?" आईने ताट पुढे सरकवलं. "त्साय बाईशी बोलते मी. मंगळवारी तिला घेऊनच येते, म्हणजे वाटेत मागे फिरायची नाही. तू काळजी करू नकोस. तिथे मी काही बोलणार नाही."

युए-लानने मुळ्याचा एक काप उचलला आणि पुन्हा ताटात ठेवला.

मंगळवारी दालन भरलेलं होतं. गोवराची बातमी पसरली होती, शिवाय नवं वर्ष जवळ, म्हणून बाकांवर जागा नव्हती. साडेनऊला त्साय आजी आल्या, पिन-रुईला पाठीशी बांधून. त्यांच्या मागे दोन पावलं आई होती, निळं जाकीट, हातात गरम पाण्याचा थर्मास. ती आत आली तशी बायकांनी सरकून जागा केली. एकीने तर उठून आपली जागाच दिली. आईने मान हलवून नको म्हटलं आणि भिंतीशी उभी राहिली, मुलगी बसते त्या टेबलापासून शक्य तितकी लांब. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

नंबर पुकारला. पोर आजींच्या पाठीवर असतानाच डॉक्टरांनी मागून त्याची छाती ऐकली, घसा पाहिला, ठीक म्हणाले. युए-लानने सुई भरली नाही. स्टूल ओढून ती आजींच्या समोर बसली. हे ती कधी करत नसे. बसायला वेळच नसतो.

"आजी, नीट ऐका," ती बोलीत म्हणाली. "ही गोवराची सुई. हिचा ताप दुसऱ्या दिवशी येत नाही. आठवड्याने येईल, दहा दिवसांनी येईल. अंगावर बारीक पुरळही उठेल एखादं. घाबरायचं नाही. पाणी पाजा, हलके कपडे घाला. जास्त चढला, दोन दिवसांत हटला नाही किंवा पोर मलूल पडलं, तर घेऊन या. हे मी तुम्हाला जूनमध्ये सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझी चूक झाली."

आजी ऐकत होत्या. पोराचे बंद त्यांनी अजून सोडले नव्हते.

"दहा दिवसांनी म्हणजे नव्या वर्षाची सुट्टी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण दालन इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "तुमच्याकडे कुलूप असेल. मग कोणाकडे जाऊ?"

प्रश्न साधा होता. दालनातल्या प्रत्येक बाईला कळलं की तो साधा नाही. युए-लानची मान खाली गेली. तिला भिंतीकडे बघायची गरज नव्हती. आई तिथे थर्मास छातीशी धरून जमिनीकडे बघत असणार, ऐकू न आल्यासारखी.

"काय विचारतायत?" डॉक्टर शेन म्हणाले.

ह्या वेळीही थोडक्यात सांगता आलं असतं: सुट्टीत कुठे जायचं विचारतायत, शहरातल्या दवाखान्याचा नंबर देते. कोणी काही म्हटलं नसतं. आजींनी पोराचे बंद आवळले असते, उठून गेल्या असत्या, आणि गावाने पुन्हा एकदा तिची लाज झाकली असती.

"मागे मी ज्यांना भोंदू म्हणाले," ती डॉक्टरांच्या भाषेत म्हणाली, आणि तोंड भाजल्यासारखं प्रत्येक शब्दाला थांबली, "त्या माझ्या आई आहेत. ह्या गावातली मुलं सुईला येतात ती त्यांच्या सांगण्यावरून येतात. मी इतके दिवस तुमच्यापासून लपवलं. मला लाज वाटत होती."

डॉक्टर आधी तिच्याकडे बघत राहिले, मग भिंतीकडे. "अच्छा," एवढंच म्हणाले. त्यांचे कानही लाल झाले होते.

मग ती आजींकडे वळली. "कुलूप असेल तर माझ्या आईकडे जा. ती बघेल आणि सांगेल, थांबायचं की मोठ्या दवाखान्यात न्यायचं. तिला कळतं. ती सांगेल ते मीच सांगितलं असं समजा."

आजींनी जरा वेळ तिचं तोंड निरखलं. मग पाठीवरचे बंद सोडले, पोराला मांडीवर घेतलं, बाही वर केली. पिन-रुईने सुई पाहिली आणि दोन्ही पायांनी टेबल हाणायला सुरुवात केली. आजींचे दोन हात पुरेनात. शहरातली एक नर्स पुढे यायला लागली, तिला युए-लानने मानेनेच थांबवलं.

"आई," ती म्हणाली, "ये, ह्याचे पाय धर."

किम-हुए मावशी भिंतीशी तशीच उभी राहिली. मग तिने वळून मागे दाराकडे पाहिलं, कोणाची आई आत आलीय ते बघायला. दारात कोणी नव्हतं. बाकावरच्या बायका आता सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या आणि तिला कळत नव्हतं का ते.

युए-लानला दुसऱ्यांदा हाक मारावी लागली.